ओव्हरक्लॉक केलेला संगणक सुरू होत नसेल तर काय तपासावे

प्रोसेसरचा किंवा रॅमचा वेग कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा वाढवून (म्हणजे ओव्हरक्लॉक करून) सेटिंग जतन केली, संगणक पुन्हा सुरू केला, आणि पंखे फिरत असूनही पडद्यावर काहीच उमटले नाही, तर बहुतेक वेळा कोणताही भाग जळालेला नसतो. मदरबोर्डने साठवलेला नवा वेग त्या भागांना पेलवत नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो. कोकण किनाऱ्यावर मात्र दुसऱ्या प्रकारची तक्रारही नेहमी ऐकू येते. डिसेंबरमध्ये वाढवलेल्या वेगावर निर्धोक चाललेला संगणक मे महिन्याच्या उकाड्यात किंवा पावसाळ्यात अचानक ‘डिस्प्ले’ देईनासा होतो, आणि मालक म्हणतो की आपण मध्यंतरी काहीही बदललेले नाही. कंपनीने सुरक्षिततेसाठी राखून ठेवलेला वाव ओव्हरक्लॉकमध्ये आपण आधीच वापरून टाकलेला असतो. किनाऱ्यावरची उष्णता, खारी दमट हवा आणि कमीजास्त होणारा वीजदाब उरलासुरला वाव संपवतात. म्हणून सेटिंग आणि परिसर ही दोन्ही कारणे तपासावी लागतात, परंतु सेटिंग आधी, कारण तिला खर्च येत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये, एक्सएमपी किंवा एक्स्पो हा रॅमचा वेग वाढवणारा तयार पर्याय चालू करणे हेदेखील ओव्हरक्लॉकच आहे. डीडीआर४ या प्रकारच्या रॅमचा प्रमाणित विद्युतदाब १.२ व्होल्ट असतो, तर एक्सएमपी लावल्यावर तो बहुधा १.३५ व्होल्ट होतो. दुकानदाराने संगणक जुळवताना हा पर्याय चालू करून दिलेला असेल, तर ‘मी ओव्हरक्लॉक केलेलेच नाही’ हे विधान तपासून पाहावे.

आधी निरीक्षण

बटण दाबूनही पंखा हलत नसेल, तर दोष ओव्हरक्लॉकमध्ये शोधू नये. भिंतीवरचा स्विच, स्पाइक गार्ड, यूपीएस आणि एसएमपीएसच्या (संगणकाच्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) मागचा छोटा स्विच पाहावा. विंडोजचे चिन्ह दिसून मग संगणक अडकत असेल, तर बायोसपर्यंत पोहोचता येते. तेथे जाऊन मूळ सेटिंग्ज भराव्यात आणि पुढचा खटाटोप टाळावा. ग्राफिक्स कार्डाचा वेग विंडोजमधील सॉफ्टवेअरने वाढवलेला असेल, तर सेफ मोडमध्ये (विंडोज मोजक्या सोयींसह सुरू करण्याच्या पद्धतीत) जाऊन ते सॉफ्टवेअर काढावे, कारण बायोस पुसून ती सेटिंग जात नाही. पंखे फिरतात पण पडदा काळाच राहतो, किंवा संगणक आपोआप बंद-चालू होत राहतो, अशा वेळी मदरबोर्डच्या कडेला असलेले चार बारीक दिवे पाहावेत. अलीकडच्या अनेक बोर्डांवर त्यांच्यापुढे सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स) आणि बूट (डिस्कवरून सुरू होणे) असे लिहिलेले असते, आणि जो दिवा लागून राहतो तेथे तपासणी अडलेली असते.

डीरॅमचा दिवा लागला असेल आणि रॅम डीडीआर५ असेल, तर घाई करू नये. रॅमचा वेग बदलल्यानंतर मदरबोर्ड तिची नव्याने जुळणी करतो, आणि विशेषतः एएमडीच्या एएम५ बोर्डांवर पहिल्या वेळी त्यात कित्येक मिनिटे जाऊ शकतात. तेवढा वेळ पडदा काळा राहणे स्वाभाविक आहे. दर दोन मिनिटांनी बटण दाबून संगणक बंद करणारा माणूस ही जुळणी कधीच पूर्ण होऊ देत नाही. वीज वारंवार जात असेल, तर हे काम यूपीएसवरच करावे.

सेटिंग्ज पुसणे

पंधरा मिनिटे थांबूनही काही झाले नाही, तर पॉवरचे बटण पाच-सहा सेकंद दाबून संगणक बंद करावा आणि पुन्हा सुरू करावा. दोन-तीन फसलेल्या प्रयत्नांनंतर अनेक बोर्ड स्वतःच मूळ सेटिंग्जवर परततात. तसे झाले नाही, तर सीमॉस, म्हणजे बायोसच्या सेटिंग्ज साठवणारी स्मृती, पुसावी. प्लग भिंतीतून काढावा, केवळ स्विच बंद करून भागत नाही. त्यानंतर पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे बोर्डात उरलेला विद्युतभार निघून जातो. मदरबोर्डच्या पुस्तिकेत सीमॉस पुसण्याच्या दोन पिना कोठे आहेत ते पाहून त्या पेचकसाच्या टोकाने दहा सेकंद जोडाव्यात. बोर्डाच्या मागे त्यासाठी बटण असेल तर काम आणखी सोपे होते. पिना सापडत नसतील, तर सीआर२०३२ हा नाण्याएवढा सेल काढून दहा मिनिटांनी परत बसवावा.

सेल हातात आलाच आहे, तर मल्टिमीटरने मोजावा. नव्या सेलचा दाब ३ व्होल्टपेक्षा किंचित अधिक असतो, तो २.७ च्या खाली गेला असेल तर बदलावा. गावच्या घरातला जो संगणक फक्त गणपतीत आणि मे महिन्याच्या सुट्टीत चालू होतो, त्याचा सेल लवकर संपतो, कारण प्लग काढलेला असताना घड्याळ त्याच सेलवर चालते.

सीमॉस पुसल्यावर संगणक सुरू झाला, पण विंडोज उघडत नसेल, तर घाबरू नये आणि कोणालाही ‘फॉरमॅट’ करू देऊ नये. डिस्क बायोसमधील रेड किंवा व्हीएमडी या जोडणीच्या पर्यायाने जोडलेली असेल, तर पुसण्याच्या क्रियेत तो पर्यायही बदलतो आणि विंडोजला डिस्क सापडत नाही. पूर्वीचा पर्याय निवडला की ती पुन्हा दिसते. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल, तर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जतन असते. ओव्हरक्लॉक करण्यापूर्वीच ती कागदावर उतरवून ठेवणे शहाणपणाचे.

तरीही सुरू झाला नाही तर

आता परिसराकडे वळावे. प्लग काढूनच कॅबिनेट उघडावे आणि हात आधी धातूच्या सांगाड्याला लावावा. चोवीस पिनांची मोठी आणि प्रोसेसरजवळची आठ पिनांची वायर काढून पुन्हा घट्ट बसवावी. रॅमची एकच पट्टी ठेवावी. चार खाचांच्या बहुतेक बोर्डांवर ती प्रोसेसरपासून दुसऱ्या खाचेत बसवायची असते. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सची सोय असेल, तर ग्राफिक्स कार्डही काढावे. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ असतो त्यांत ती सोय नसते, म्हणून तेथे कार्ड आवश्यकच आहे.

समुद्रापासून जवळच्या घरांत खरी गोम पुष्कळदा या संपर्कबिंदूंवर असते. हवेतले मीठ धुळीबरोबर आत बसते, पावसाळ्यात ओल शोषून घेते, आणि पिनांवर हिरवट किंवा पांढरट थर धरतो. रॅमच्या सोनेरी कडेवर खोडरबर घासण्याची पद्धत सर्वत्र आहे. ती कामी येते खरी, पण सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो आणि रबराचा चुरा खाचेत अडकतो. त्यापेक्षा ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल धागे न सुटणाऱ्या कापडावर घेऊन पुसावे आणि पूर्ण वाळू द्यावे. तोंडाने फुंकर मारू नये, कारण श्वासाबरोबर पुन्हा ओलच आत जाते.

विजेची तपासणी वायरमनकडून करून घ्यावी. जांभ्याच्या कातळावरील घरांत उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंग कमकुवत होते, म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी आणि न्यूट्रल व अर्थमधील दाब या दोन्ही गोष्टी पाहाव्यात. संध्याकाळी दाब उतरल्यावरच संगणक बंद पडत असेल, तर संशय वीजपुरवठ्यावर आणि एसएमपीएसवर घ्यावा. दुसरा एसएमपीएस जोडून पाहणे ही त्याची साधी परीक्षा आहे. एसएमपीएस स्वतः कधीही उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यातील मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टपेक्षा अधिक दाब काही काळ राहू शकतो.

पुन्हा वेग वाढवताना

मूळ सेटिंग्जवर संगणक दोन-चार दिवस नीट चालू द्यावा आणि मेमटेस्ट८६ या चाचणी-सॉफ्टवेअरने रॅम रात्रभर तपासावी. मूळ वेगावरही चुका निघत असतील आणि प्रोसेसर इंटेलच्या १३ व्या किंवा १४ व्या पिढीतील असेल, तर बायोस अद्ययावत करावा, कारण त्या पिढ्यांतील अनेक डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये अस्थिरतेचा दोष असल्याचे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केले, त्यावर मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतील सूचनांची दुरुस्ती) दिला आणि अशा प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. बायोस बदलल्याने आधीच बिघडलेला प्रोसेसर मात्र दुरुस्त होत नाही. तो वॉरंटीतच बदलून घ्यावा.

त्यानंतर एका वेळी एकच गोष्ट बदलावी: आधी रॅम, मग प्रोसेसर. खोलीचे तापमान १० अंशांनी वाढले की प्रोसेसरचेही साधारण तेवढेच वाढते, त्यामुळे अंतिम चाचणी मे महिन्याच्या दुपारी, खिडक्या नेहमीसारख्या ठेवून घ्यावी. इंटेलचे बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास स्वतःचा वेग कमी करतात. चाचणीत ८५ च्या वर जात असेल, तर वेग एक पायरी उतरवावा. जमलेल्या सेटिंग्ज बायोसमध्ये प्रोफाइल म्हणून जतन कराव्यात, शिवाय प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटोही काढावा, कारण बायोस अद्ययावत केल्यावर जतन केलेली प्रोफाइल अनेकदा पुसली जातात.