कोंबडा रंगवताय? मग या चुका टाळा

कोंबडा काय, कोणालाही काढता येतो असं वाटतं. लाल तुरा, पिवळी चोच, मागे फुगलेली शेपूट, झालं काम. मग त्याच कोंबड्यामागे थोडे बांबू काढायचे आणि खाली 'रानकोंबडा' लिहून मोकळं व्हायचं, आणि गडबड होते ती इथेच.

पहिले पाय बघा. रेफरन्सला पाळीव कोंबड्याचा फोटो घेतला की पाय हमखास पिवळे येतात, पण लाल रानकोंबड्याचे पाय करडे असतात. पाळीव जातींमधला पिवळेपणा राखी रानकोंबडा या दुसऱ्या रानटी प्रजातीच्या जीनमुळे आलाय हे 2008 च्या संशोधनात दिसलं, म्हणजे कोंबडीचा मुख्य पूर्वज लाल रानकोंबडा असला तरी थोडी भेसळ आहेच. शेपटीचंही तसंच, पाळीव कोंबडा ती ताठ वर धरतो, रानातला बरीच खाली, आणि मुळाशी पांढऱ्या पिसांचा झुबका असतो जो बहुतेक जण विसरतात. रानकोंबडीला तर तुरा जेमतेमच, उगाच मोठा काढू नका.

आणखी एक, विणीचा हंगाम संपला की अस्सल रानकोंबड्याच्या मानेवरची सोनेरी पिसं गळतात आणि तिथे आखूड काळपट पिसं येतात, पाळीवात हे होत नाही. तेव्हा चित्रातला सीझन कोणता ते आधी ठरवा.

आता रंगाचे प्रॉब्लेम. शेपूट कोळशासारखी मेलेली दिसतेय? ट्यूबमधला काळा थेट फासलात म्हणून. ती हिरवी-निळी चमक रंगद्रव्याची नसते, पिसाच्या सूक्ष्म रचनेवर प्रकाश पडून ती दिसते, त्यामुळे सगळ्या पिसावर हिरवा मारू नका, गडद बेसवर जिथे उजेड पडतो तेवढ्याच पट्ट्यात पातळ हिरवा द्या, शेजारचं पीस थोडं वळलं असेल तर तिथे चमक जवळपास गायब. तुरा प्लास्टिकचा वाटत असेल तर एकच लाल वापरलाय, मागून ऊन असलं की टोकं नारिंगी पेटतात, बुडाशी लाल गडद होतो आणि पृष्ठभाग दाणेदार असतो.

पायाचा 'उलटा गुडघा' म्हणून जो काढतात तो खरं तर घोटा आहे, गुडघा वर पिसांत लपलेला असतो, हे लक्षात नसलं की पक्षी पुढे कोसळतोय असं वाटतं. जपानचा चित्रकार इतो जाकुचू (1716–1800) अंगणात कोंबड्या पाळून त्यांना बघत बसायचा, त्याच्या कोंबड्यांचा तोल कसा जमलाय ते एकदा बघाच.

आणि कॅप्शनमध्ये 'दहा हजार वर्षांपूर्वी माणसाळलेली' वगैरे टाकू नका. 2022 च्या अभ्यासानुसार पाळीव कोंबडीची सगळ्यात जुनी खात्रीची हाडं थायलंडमधल्या बान नॉन वाटची, साधारण इ.स.पू. 1650 ते 1250.