टॅब घेताना या चुका टाळा: स्वस्त की महाग?

टॅब घेताना सर्वाधिक नडणारी चूक म्हणजे खोक्यावरची किंमत हाच एकूण खर्च मानणे. ॲपलच्या 2022 च्या दहाव्या पिढीच्या आयपॅडबरोबर पडद्यावर लिहिण्याची ॲपल पेन्सिल येत नव्हती, कीबोर्ड वेगळा घ्यावा लागे आणि मेमरी कार्डाची सोय नसल्याने मूळ मॉडेलच्या 64 जीबीतच भागवावे लागे; उलट सॅमसंगच्या टॅब एस9 एफईच्या खोक्यातच एस पेन असतो आणि त्यात कार्डही बसते. ज्या विद्यार्थ्याला हाताने टिपणे काढायची आहेत, त्याने पेन आणि साठवण धरूनच दोन्हींची तुलना करावी. रबरी टोकाच्या पेनाने स्वस्त टॅबवर लिहिताना तळहाताचेही फटकारे उमटतात आणि एखादे ॲप टाकून ही अडचण पूर्णपणे सुटत नाही, कारण पेन ओळखणारी यंत्रणाच त्या पडद्यात नसते.

स्वस्त टॅब सहा महिन्यांत हँग होऊ लागला की अनेक जण प्रोसेसरला दोष देतात. बहुतेकदा खरे दुखणे संथ ईएमएमसी (स्वस्त टॅबमधील साठवणीची चिप) साठवणीत असते आणि ती भरत गेली की ते वाढते. गूगलच्या 2012 च्या नेक्सस 7 या टॅबवर हीच तक्रार होती आणि अँड्रॉइड 4.3 मध्ये साठवणीची साफसफाई करणारी सोय आल्यावर ती बरीच कमी झाली. म्हणून साधारण पाचवा हिस्सा जागा मोकळी ठेवावी. ‘4+4 जीबी रॅम’ या जाहिरातीला तर मुळीच भुलू नये. त्यातले दुसरे 4 जीबी याच संथ साठवणीतून उसने घेतलेले असतात.

पडदा फुल एचडी असूनही नेटफ्लिक्स धूसर दिसत असेल, तर सेटिंग्जमध्ये वेळ घालवू नये. डीआरएम इन्फो या मोफत ॲपमध्ये वाइडवाइनची, म्हणजे व्हिडिओची नक्कल रोखणाऱ्या गूगलच्या यंत्रणेची, पातळी पाहावी. ती एल3, म्हणजे सर्वांत खालची असेल, तर चित्र एचडी होणारच नाही. ही तपासणी परत करण्याची मुदत संपण्यापूर्वीच करावी.

आजी-आजोबांच्या व्हिडिओ कॉलसाठी आणि कीर्तने पाहण्यासाठी मात्र महागडा टॅब घेणे मला अनाठायी वाटते. तिथे वाइडवाइनच्या एल1 या सर्वांत वरच्या पातळीचा साधा टॅब उत्तम चालतो, फक्त सुरक्षा अपडेट किती वर्षे मिळणार हे दुकानदाराच्या तोंडी आश्वासनावर न सोडता कंपनीच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावे.