पिकअपच्या हौद्यात माल बांधायची रेल बसवायची असंल तर आधी गाडीखाली झोपा

बेळगावातनं गोव्याला भाजी नेणाऱ्या, खानापुरातनं विटा-कौलं आणणाऱ्या, निपाणी-संकेश्वरकडं तंबाखूची-मिरचीची पोती भरणाऱ्या बोलेरो पिकअप, योद्धा, दोस्त, ह्या सगळ्या गाड्यांचं दुखणं एकच, हौद्याच्या आत माल बांधायला धड जागा नसतीय. कंपनीनं बाहेरच्या बाजूला फाळक्याखाली, म्हणजे हौद्याच्या कडेच्या उघडणाऱ्या पत्र्याखाली, हुक दिलेले असतात, गाडी भरून पोती रचली आणि वरनं ताडपत्री आवळली तर ते हुक पुरतात. पण अर्धीच गाडी भरली, किंवा एखादी पाण्याची मोटर, पॉवर टिलर, ऑइलचं बॅरल, फ्रीज असं एकटं सामान आलं की दोर कुठनं कुठं न्यायचा ते कळत नाही, आणि मग जांबोटी-कणकुंबी करत चोर्ला घाट उतरताना प्रत्येक वळणाला ते सामान सरकतंय. ह्याला इलाज म्हणजे तळाला लांबीत दोन रेल बसवायच्या, त्यात सरकणाऱ्या कड्या घालायच्या, जिथं माल असंल तिथं कडी आणून पट्टा लावायचा. अमेरिकेत टोयोटा टॅकोमा पिकअपला सरकत्या कड्यांची रेल, तळाला नाही तर हौद्याच्या भिंतींना, कंपनीतूनच येतीय, आपल्याकडच्या माल वाहायच्या गाड्यांना मात्र आपणच बसवून घ्यायची.

काम अवघड नाही, एका दिवसात होतंय. पण ह्यातली खरी गोष्ट रेल नाही, बोल्ट खाली कशाला धरतोय ती आहे. १० एमएमचा ८.८ ग्रेडचा (हा ताकदीचा दर्जा) एक बोल्ट सरळ ओढीला तीन टनाच्या वर ताण सोसतोय, तो तुटणार नाही. फाटतोय तो हौद्याचा पत्रा. नुसत्या पत्र्याला भोक पाडून बारका वायसर लावून आवळलेली रेल सुरुवातीला घट्ट वाटतीय, मग ब्रेक-ब्रेकला भोक अंड्यासारखं लांबुळकं होत जातंय, कडेनं रंग सुटतोय, गंज धरतोय, आणि एक दिवस वायसरसकट बोल्ट वर येतोय. म्हणून पहिलं काम, रेल आणायच्या आधी, गाडीखाली जाऊन बघायचं.

खाली गेलात की हौद्याच्या तळाला आडवे मेंबर, म्हणजे तळाला आधार देणाऱ्या लोखंडी पट्ट्या, दिसतील, ह्या बाजूपासनं त्या बाजूपर्यंत, ठराविक अंतरावर. रेल लांबीत जाणार म्हणजे ती प्रत्येक आडव्या मेंबरवरनं जाणारच, बोल्ट तिथंच घ्यायचा. आता मेंबर दोन तऱ्हेचे असतात आणि ह्यानं सगळं बदलतंय. एक म्हणजे उघडा सी चॅनल, त्याच्या एका बाजूनं हात आत जातोय, त्यामुळं वरच्या पट्टीतनंच बोल्ट घेऊन आतनं प्लेट आणि नट लावता येतंय, हे सोपं. दुसरा म्हणजे टोपीच्या आकाराचा, तळाच्या पत्र्याला दोन्हीकडनं वेल्ड केलेला, म्हणजे आतनं बंद. त्यात आरपार लांब बोल्ट घालून आवळला तर मेंबर चेपतोय, आणि चेपला की बोल्ट कायमचा ढिला, कितीही आवळा. तिथं आत पाइपचा तुकडा घालायचा, स्लीव्ह. खालच्या बाजूचं भोक पाइप जाईल एवढं मोठं करायचं, वरच्या पत्र्याचं बोल्टापुरतंच ठेवायचं, पाइप खालनं आत सरकवायचा तो वर पत्र्याला जाऊन टेकतोय, खालनं त्याच्या तोंडावर जाड प्लेट, मग नट. पाइप मेंबरच्या खालच्या पातळीला बरोबर येईल असा कापा, आखूड झाला तर परत चेपणार. बेळगावच्या उद्यमबागेत कुठल्याही लेथवाल्याकडं एक नमुना घेऊन गेलात की सगळे तुकडे एका मापात कापून मिळतात.

खाली असतानाच डिझेलची टाकी, ब्रेकचे पाइप, मागच्या लाइटची वायरिंग, स्पेअर व्हीलची साखळी कुठं आहे ते खडूनं मार्क करून घ्या, मोबाइलवर फोटो काढून ठेवा, वर गेल्यावर अंदाजानं लक्षात राहत नाही. आणि चॅसीला, म्हणजे त्या दोन लांब फ्रेमला, काहीही झालं तरी भोक पाडायचं नाही. त्यातनं फ्रेमच्या वरच्या-खालच्या पट्टीला तर मुळीच नाही, सगळा ताण तिथंच असतोय आणि चीर तिथनंच सुरू होतीय. आपलं काम हौद्याच्या मेंबरला, चॅसीला नाही.

आता रेल कुठली. आपल्याकडं दोन पर्याय मिळतात. एक ॲल्युमिनियमची एल-ट्रॅक, विमानात सीट बसवायला वापरतात त्या जातीची, तिला दर २५.४ एमएमवर म्हणजे एक इंचावर गोल खाच असतीय, कडीचा स्टड, म्हणजे खालची खुंटी, त्या खाचेत अडकतोय आणि लॉक होतोय. बुटकी असतीय, वरनं क्रेट सरकवले तरी आडवी येत नाही, पण महाग आणि ऑनलाइनच मागवावी लागतीय. दुसरा स्ट्रट चॅनल, सोलर पॅनल आणि केबल ट्रेला वापरतात तो, ४१ एमएम रुंद, आपल्याला २१ एमएम उंचीचा बुटका बस होतोय, जाडी २.५ एमएमची आणि गॅल्व्हनाइज्डच, म्हणजे झिंकचा मुलामा दिलेला, घ्या. हा सोलरचं सामान विकणाऱ्याकडं मिळतोय आणि स्वस्तात होतंय. स्ट्रटमध्ये एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. त्यातला स्प्रिंग नट चॅनलच्या ओठाला दात लावून धरतोय, वर ओढला तर चांगला धरतोय, पण लांबीत ओढला, म्हणजे ब्रेक मारल्यावर जसा माल पुढं जातोय तसा, तर नट घसरू शकतोय. म्हणून ज्या कडीवर पुढची ओढ येणार आहे तिच्या पुढं चॅनलमध्ये एक आडवा बोल्ट स्टॉपर म्हणून घाला, म्हणजे कडी तिथं येऊन थांबतीय. रोज वेगवेगळा माल असंल आणि खर्च झेपत असंल तर माझं मत एल-ट्रॅकच घ्या, ठरलेला माल असंल, उदाहरणार्थ दूधाचे कॅन किंवा सिलिंडर, तर स्ट्रट पुष्कळ झाला.

फाळक्याला आतनं रेल लावू नका, खूप जण विचारतात म्हणून सांगतो. फाळका बिजागरीवर आणि खिटीवर उभा असतोय, त्याला आतनं ओढायचं काम दिलेलं नाही. तळाला दोन आणि केबिनमागच्या जाळीच्या पायाशी जमलं तर एक आडवी, एवढंच.

सामान घेताना बोल्ट ८.८ ग्रेडचेच मागा, डोक्यावर तसं कोरलेलं असतंय, कोरलेलं नसंल तर परत द्या. हार्डवेअरच्या दुकानात सुतात बोलतात, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन सुती म्हणलं की ते १० एमएमच्या जवळपास येतंय पण आटे वेगळे असतात, तीन सुती बोल्टावर १० एमएमचा नट नीट बसत नाही, तेव्हा दोन्ही एकाच मापात आणि एकाच दुकानातनं घ्या. नट नायलॉकचे, म्हणजे आत नायलॉनची रिंग असलेले, सहज ढिले न होणारे. खाली लावायला ५ एमएम जाडीची, साधारण दोन इंच चौरस प्लेट. बारका वायसर नको. ८.५ आणि १०.५ चे ड्रिल बिट, सुरुवातीला ४ एमएमचा, सेंटर पंच, गुण्या, कानस, झिंक प्रायमर, आणि फटीतनं पाणी जाऊ न देणारा पीयू सीलंट.

आखणी सावकाश करा. आधी हौदा धुवून वाळवा. मग पुढच्या जाळीपासनं आणि दोन्ही फाळक्यांपासनं माप घेऊन दोन लांब रेषा मारा, गवंडी मारतात तशी खडूची दोरी मारली तर सरळ येतंय. बाजूच्या मापावर एकटा विश्वास ठेवू नका, माल भरून-भरून फाळके जरा वाकलेले असतात. दोन्ही रेषांची टोकं घेऊन कर्ण मोजा, ह्या कोपऱ्यापासनं त्या कोपऱ्यापर्यंत, दोन्ही कर्ण सारखे आले की रेल काटकोनात आहेत. तळ नळीदार पत्र्याचा असतोय, उंचवटे लांबीतच जातात, रेल उंचवट्यावर बसंल अशी दोन-चार बोटं इकडंतिकडं करा. खळग्यावर आलीच तर प्रत्येक बोल्टाखाली खळगा भरेल एवढी लोखंडी पट्टी घाला, नाहीतर आवळताना रेल कमान होतीय. टोकापासनं पहिला बोल्ट चार-पाच सेंटीमीटरच्या आत पाहिजे, मधे मेंबरांचं अंतर जास्त असंल, दीड फुटाच्या वर, तर मधे एक जादा बोल्ट पत्र्यात घ्या पण त्याच्याखाली प्लेट मोठी, वीतभर लांबीची लावा.

ड्रिल करताना घाई झाली की काम बिघडतंय. पंच मारा, ४ एमएमनं आधी भोक, मग खाली जाऊन बघा ते मेंबरच्या मधोमध आलंय का, मग मोठं करा. स्पीड कमी, दाब जास्त, थेंबभर तेल. किस लांब वेटोळ्यात आणि चांदीसारखा येत असंल तर बिट नीट कापतोय. निळसर पडला, धूर आला की थांबा, बिट जळतोय. टाकीच्या बाजूला भोक असंल तर बिटावर लाकडाचा ठोकळा घालून लांबी आखडून घ्या, पाव इंचाच्या वर बिट पलीकडं जाऊ नये. भोक झालं की कानशीनं दोन्हीकडची धार मोडा, चुंबक फिरवून सगळा किस गोळा करा, तो राहिला तर पहिल्याच पावसात हौदाभर गंजाचे ठिपके पडतात. मग भोकाच्या कडेला झिंक प्रायमर, वाळू द्या, वर रंग. हे सोडून पुढं जायचं नाही, खानापूर-जांबोटीकडचा पाऊस कसा असतोय ते तुम्हाला सांगायला नको.

काही जण म्हणतात भोकं कशाला, वेल्ड करून टाकू. गॅल्व्हनाइज्ड चॅनलवर वेल्ड केलं की झिंक जळतंय, त्याचा धूर छातीला वाईट, आणि वेल्डच्या कडेला गंजाला दार उघडतंय. शिवाय रेल वाकली तर बदलता येत नाही. तरीपण कुठं वेल्ड करायचंच झालं तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढल्याशिवाय वेल्डरला हात लावू देऊ नका, आताच्या गाड्यांना ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, असतोय, आणि अर्थिंगचा क्लिप वेल्डच्या जवळच लावायला सांगा.

ॲल्युमिनियमची रेल थेट लोखंडी तळावर ठेवू नका. दोन वेगळे धातू, मधे पाणी, आणि गोव्याकडची खारी हवा, म्हणजे ॲल्युमिनियम पांढरं पीठ होऊन खात जातंय. मधे ब्युटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) किंवा रबराची पातळ पट्टी घाला. भोकात सीलंट भरा, रेल ठेवा, सगळे बोल्ट आधी हातानं लावा, मग मधनं सुरू करून टोकाकडं आवळत जा. १० एमएमच्या ८.८ बोल्टाला ४५ ते ५० न्यूटन मीटर, ८ एमएमच्याला साधारण २५, टॉर्क पाना नसंल तर गॅरेजमधनं तासभर आणा. रेलवाल्यानं वेगळा आकडा दिला असंल तर तो धरा. स्ट्रटची टोकं बंद करू नका, पाणी आणि माती तिथनंच बाहेर पडतीय.

आता पट्टा. युरोपच्या ईएन १२१९५ मानकात ब्रेकला पुढच्या बाजूला मालाच्या वजनाच्या ०.८ पट आणि बाजूला-मागं ०.५ पट ओढ धरतात. म्हणजे ५०० किलोची मोटर असंल तर पुढच्या बाजूला ४०० किलोची ओढ अडवायची तयारी पाहिजे. काही ओढ घर्षणानं अडतीय, म्हणून तळाला रबर मॅट टाका, फायदा मोठा होतोय. वरनं पट्टा टाकून आवळत असाल तर पट्टा जेवढा उभा तेवढा बरा, जमिनीशी ३० अंशावर आडवा पडला की तुम्ही रॅचेटनं, म्हणजे पट्टा आवळायच्या खटक्यानं, दिलेल्या ताणातला अर्धाच खाली दाबतोय. म्हणून कडी मालाच्या अगदी जवळ आणायची, आणि रेल बसवायचा खरा फायदा तोच आहे. पट्ट्याच्या लेबलवर भार लिहिलेला असतोय, लेबल फाटलेला पट्टा वापरू नका.

आरसीचं पण बघा. मोटर वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणं आरसीवर जे लिहिलंय ते बदलेल असा फेरफार चालत नाही. तळाला आतनं बसवलेल्या रेलनं गाडीची लांबी-रुंदी-उंची बदलत नाही, पण रेल हौद्याच्या बाहेर आली, फाळके वाढवले, तर तो वेगळा विषय होतोय. बेळगावची केए-२२ असो, चिक्कोडीची केए-२३ असो की कोल्हापूरची एमएच-०९, बिल आणि फोटो गाडीत ठेवा आणि इन्शुरन्सवाल्याला एकदा कळवा. रेल आली म्हणून भार वाढत नाही, जादा भाराला २०१९ पासनं २० हजार दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार आहे.

बसवल्यावर थेट मोठ्या खेपेला जाऊ नका, आधी अंदाजे माल भरून वंटमुरी घाटापर्यंत जाऊन या, आल्यावर खाली जाऊन प्रत्येक नटावर पाना लावून बघा, सीलंट आणि रंग बसल्यावर पहिल्या वेळी थोडं फिरतंच. नटावरनं प्लेटपर्यंत मार्करनं एक सरळ रेघ ओढून ठेवा, नट फिरला की रेघ तुटलेली दिसतीय, परत पाना लावायची गरज नाही, नुसती नजर टाकली की कळतंय. गोव्याची खेप असंल तर आल्यावर रेल गोड्या पाण्यानं धुवा, खाचेतली माती-कांद्याची सालं ब्रशनं काढा. आणि मृगाच्या आधी एकदा प्रत्येक बोल्टाच्या कडेचा सीलंट बघा, कुठं सुटला असंल तर खरवडून काढून नवा भरा.