रस्त्याचं नाव बदलायचं चाललंय? ठराव व्हायच्या आधी हे करा

आमच्या गल्लीचं जुनं नाव टिकलं, पण अगदी थोडक्यात बचावलं. पहिला दीड महिना आम्ही सगळे नुसते सोसायटीच्या ग्रुपवर चिडून मेसेज टाकत बसलो, आणि तेवढ्यात प्रस्ताव प्रभाग समितीतून पुढे पण गेला होता. तुमचं तसं होऊ नये म्हणून लिहितेय.

सगळ्यात आधी कागद हातात घ्या, ऐकीव गोष्टींवर भांडू नका. महापालिकेत नगरसचिव कार्यालय असतं, तिथे जाऊन सभेची विषयपत्रिका मागा, प्रस्ताव कुठल्या समितीत आहे, सूचक कोण, अनुमोदक कोण ते बघा. नामकरणाचे विषय पुष्कळदा आयत्या वेळचे म्हणून येतात, म्हणजे छापलेल्या पत्रिकेत ते दिसतच नाहीत, त्यामुळे गल्लीतल्या एकाने तरी दर महिन्याला चक्कर मारायची हे ठरवूनच टाका. सोबत माहिती अधिकाराचा अर्ज करा. १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. त्यात "नाव का बदलताय" असं विचारू नका, "का"चं उत्तर देत नाहीत, त्याऐवजी प्रस्तावाची प्रत, समितीचं इतिवृत्त, प्रशासनाचा अभिप्राय असं कागदाचं नाव घेऊन मागा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, २० रुपये. पण उत्तराची वाट बघत थांबू नका, कारण सभा त्याच्या आधी होऊन जाऊ शकते. निवेदन त्याच आठवड्यात गेलं पाहिजे.

आता निवेदन. खरं काम इथेच आहे. पहिल्याच वाक्यात लिहा की ज्या थोर व्यक्तीचं नाव सुचवलंय त्यांच्याबद्दल आम्हाला पूर्ण आदर आहे, आमचं म्हणणं फक्त जुनं नाव राहू द्या एवढंच आहे. आणि हे नुसतं लिहायचं नाही, मनातूनही तसंच पाहिजे, मीटिंगमध्ये कुणी त्या व्यक्तीबद्दल किंवा समाजाबद्दल वेडंवाकडं बोललं तर तिथल्या तिथे थांबवा. एकदा का "ह्यांचा अमक्यांच्या नावाला विरोध आहे" असं पसरलं की तुमच्या बाजूचा नगरसेवकही गप्प बसतो, आणि त्याचं चुकतंय असं मला वाटत नाही. शिवाय पर्याय द्या! जवळचा बिननावाचा डीपी रोड (विकास आराखड्यातला रस्ता), नवीन उद्यान, एखादा चौक, काहीतरी शोधून निवेदनातच सुचवा. आमच्याकडे गाडी वळली ती ह्याच एका मुद्द्यावर.

मग जुन्या नावाचा इतिहास जोडा. कसबा पेठेतली तांबट आळी म्हटलं की तांब्याची भांडी घडवणारे हात आठवतात, गिरगावातली फणसवाडी, खोताची वाडी, ही नावं कुणी समितीत बसून दिलेली नाहीत. तुमच्या गल्लीचंही असं काहीतरी असणारच. जुनी घरपट्टीची बिलं, लग्नपत्रिका, नगर भूमापनचा नकाशा, आणि ऐंशीच्या पुढच्या आजी-आजोबांना विचारून तारीख घालून लिहिलेल्या आठवणी, हे सगळं झेरॉक्स करून लावा. एक मात्र आहे, नाव जातीवरून पडलेलं असेल तर कृपया विरोध करू नका. वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतलाय आणि तो योग्यच आहे.

"घराचे कागद बाद होतील" असलं लिहू नका. खरेदीखतात सर्व्हे नंबर किंवा सिटीएस (नगर भूमापन) नंबर असतो, तो बदलत नाही, अधिकाऱ्यांना हे माहीत असतं आणि मग तुमचं बाकीचं म्हणणंही ते हलक्यात घेतात. खरा त्रास लिहा: आधार, पासपोर्ट, बँक, मतदार यादीसाठी फॉर्म ८, आणि दुकानदारांना जीएसटी नोंदणीतला पत्ता बदलला की १५ दिवसांत कळवावं लागतं. आणि हेही लिहा की पेडर रोडचं नाव डॉ. गोपाळराव देशमुख मार्ग आहे तरी लोक पेडर रोडच म्हणतात, म्हणजे ज्यांच्या सन्मानासाठी नाव दिलं त्यांचंच नाव कुणाच्या तोंडी येत नाही.

सह्या घरटी एक तरी, भाडेकरू आणि दुकानदार धरून. नाव, घर नंबर, सही एवढंच, आधारची झेरॉक्स अजिबात जोडू नका. आयुक्त, महापौर, नगरसचिव, क्षेत्रीय अधिकारी सगळ्यांना वेगवेगळ्या प्रती आणि प्रत्येकावर आवक क्रमांकाचा शिक्का, पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. मुंबई सोडली तर बहुतेक महापालिकांत एका प्रभागात तीन-चार नगरसेवक असतात, सगळ्यांना भेटा, फक्त आपल्या ओळखीच्याला नाही.

ठराव झालाच तरी रस्ता आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४५१ खाली (मुंबईचा कायदा वेगळा आहे) राज्य सरकार ठराव निलंबित किंवा विखंडित, म्हणजे रद्द, करू शकतं, म्हणून नगरविकास विभागाकडे अर्ज करा, नगरपरिषद असेल तर नगरपरिषदांच्या कायद्याच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे. तेही नाही झालं तर निदान नवीन पाटीवर खाली जुनं नाव ठेवा अशी लेखी मागणी करा. आणि जिंकलात तरी फाईल टाकून देऊ नका, पुढच्या टर्मला विषय परत येऊ शकतो, आमची फाईल शेजारच्या काकूंच्या कपाटात आहे, पोचांसकट.