किती टाके घालू? आधी डोकं मोजा

दुकानात लोकर घ्यायला आलेल्या बाईचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काकू, टोपीला किती टाके घालू?" माझंही उत्तर ठरलेलं, "डोकं कुणाचं?" मग मोबाइल पुढे येतो. फोटोत एका गोऱ्या पोराच्या डोक्यावर झकास टोपी असते आणि खाली लिहिलेलं असतं, ९६ टाके. पोराचं डोकं केवढं, लोकर किती जाड, विणणारीचा हात सैल की आवळ, कशाचा पत्ता नसतो. तरी ही घरी जाऊन ९६ घालून बसते आणि आठवड्याने सगळं उसवायला माझ्याकडे घेऊन येते.

माझं नाशिकला फॉल-पिकोचं दुकान आहे. दिवाळी उलटली की निम्म्या फळ्यांवर लोकर चढते. गल्ल्याशेजारी एक दोनशेपानी वही असते, ती उधारीची आहे असं लोकांना वाटतं. तिच्यात डोकी आहेत. धाकटे भाऊजी ५८, आमचे हे ५६, सूनबाई ५४, नातू पाच वर्षांचा होता तेव्हा ५१. मागच्या पानांवर पावलं. कपाळावरून, कानाच्या जरा वरून आणि मागच्या उंचवट्यावरून टेप फिरवायची आणि आकडा लगेच लिहायचा. लक्षात राहील म्हणून सोडलेला आकडा कधीच लक्षात राहत नाही.

आधी तुकडा

डोक्याएवढंच महत्त्वाचं माप तुमच्या हाताचं. त्यासाठी एक चौकोनी तुकडा विणावा लागतो आणि तो कुणालाच विणायचा नसतो. मध्यम जाडीची लोकर, ८ नंबरची सुई, ३४ टाके, आणि साधारण पंधरा सेंमी उंच होईपर्यंत एक सुई सुलट, एक सुई उलट. टाके बंद करा, कोमट पाण्यात भिजवा, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा, न ताणता सपाट वाळवा. मग तुकड्याच्या मध्यावर पट्टी ठेवून १० सेंमीत आडवे टाके किती आणि उभ्या ओळी किती ते मोजा. कडेचे टाके धरू नका, ते नेहमी खोटं बोलतात. माझ्या हाताने या लोकरीचे २२ टाके आणि ३० ओळी येतात. सूनबाईचे त्याच सुईवर, त्याच गुंड्यातून २०.

दोन टाक्यांनी काय होतंय? हिशेब करून बघा. ११२ टाक्यांची टोपी माझ्या हातची ५१ सेंमी होईल, तिच्या हातची ५६. एक डोक्याला धरून बसेल, दुसरी डोळ्यांवर येईल.

आणखी एक गोम आहे. टोपी गोल विणली की नुसते सुलट टाके पडतात आणि सपाट तुकड्यात उलटही असतात. बऱ्याच जणींचा उलट टाका जरा ढिला असतो. त्यामुळे तुकड्याचं आणि टोपीचं माप जुळत नाही. मी तुकडासुद्धा गोल सुईवर, म्हणजे लवचीक दोरीने जोडलेल्या दोन टोकांच्या सुईवर, नुसता सुलट विणते. ओळ संपली की उलटायचं नाही. टाके सुईच्या दुसऱ्या टोकाला सरकवायचे, दोरा मागून सैल आणायचा आणि परत सुलट. मागे दोऱ्यांची झालर लोंबते, लोंबू दे.

सुईच्या नंबराचंही सांगते, कारण त्यात मी स्वतः आपटलेय. आपल्याकडचे नंबर जुन्या इंग्रजी पद्धतीचे. नंबर मोठा तितकी सुई बारीक. ८ नंबर म्हणजे ४ मिमी, १० नंबर म्हणजे सव्वातीन, १३ म्हणजे सव्वादोन. अमेरिकेत बरोबर उलटं, तिकडची ८ नंबर म्हणजे ५ मिमी. हे ठाऊक नव्हतं तेव्हा मी पैसे मोजून घेतलेल्या एका परदेशी नमुन्यावरून आपल्या ८ नंबरवर टोपी विणली. ती नारळाला अगदी फिट बसली. तेव्हापासून नंबर बघतच नाही, मिलिमीटर बघते.

भाऊजींची टोपी

धाकट्या भाऊजींची निफाडला द्राक्षबाग आहे. तिकडची थंडी पेपरात येते तशीच असते. पारा फार उतरला की मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवायला जावं लागतं. त्यांना मी पहिली टोपी केली होती अ‍ॅक्रिलिकची. पहिल्याच आठवड्यात ठिणगी उडाली आणि डोक्यावर वाटाण्याएवढं भोक पडलं, कडा प्लास्टिकसारख्या कडक. खरी लोकर अशी वितळत नाही. ती काळी पडते आणि बहुधा आपोआप विझते.

बाजारात दोन्हीला "लोकर"च म्हणतात, म्हणून घरी तपासा. बोटभर दोरा चिमट्यात धरून निरांजनावर न्या. केस जळाल्यासारखा वास आला आणि राख बोटांत चुरली, तर लोकर. आक्रसून काळा टणक मणी झाला, तर अ‍ॅक्रिलिक. बाळाच्या टोपड्याला, रोज धुवायच्या कपड्याला मऊ अ‍ॅक्रिलिक चालतं, मीही वापरते. शेकोटीजवळ मात्र नाही. आणि कुणी हौसेने घोंगडीची धनगरी लोकर टोपीला घेऊ नका. तिची घोंगडी जन्मभर टिकते, पण कपाळाला ती टोचते.

आता हिशेब. भाऊजींचं डोकं ५८. विणलेली टोपी डोक्यापेक्षा सुमारे दहा टक्के लहान हवी, म्हणजे ती धरून बसते. ५८ मधून जवळजवळ सहा गेले, ५२ राहिले. सेंमीला २.२ टाके, म्हणून ५२ गुणिले २.२, आले ११४. पण मला आठाच्या पाढ्यातला आकडा हवा, कारण वरचा घुमट मी आठ भागांत घटवते, आणि दोन सुलट दोन उलटच्या बॉर्डरलाही तो चालतो. मग ११२ की १२०? मी ११२ घेते. वापरून टोपी सैल होते, घट्ट झालेली कधी ऐकली नाही.

उंचीसाठी एका कानाच्या पाळीपासून डोक्यावरून दुसऱ्या पाळीपर्यंत टेप धरा आणि निम्मं करा. भाऊजींचं ४४ आलं, म्हणजे टोपी २२ सेंमी. कानांवर दुहेरी घडी हवी म्हणून ६ सेंमी जास्त.

४० सेंमीच्या १० नंबर गोल सुईवर ११२ टाके घाला. घालताना दोन सुया एकत्र धरून घाला, नाहीतर काठ ओरबाडतो. जोडण्याआधी सुई टेबलावर ठेवून सगळ्या टाक्यांच्या गाठी आतल्या बाजूला आहेत ना हे बोट फिरवत बघा. एकदा टीव्ही बघत जोडले आणि सहा सेंमी विणल्यावर कळलं की पट्ट्याला पीळ बसलाय. त्याला उसवण्याखेरीज इलाज नसतो. जोडाच्या जागी वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा फास अडकवा, फेरा तिथून सुरू होतो.

दोन सुलट दोन उलट १२ सेंमी. मग ८ नंबरच्या सुईवर नुसतं सुलट ९ सेंमी. आता घुमट. आठ भाग, प्रत्येकात १४ टाके. १२ सुलट, दोनाचा एक (दोन टाके एकत्र विणून एक करायचा), असं आठदा. पुढचा फेरा साधा. मग ११ सुलट, दोनाचा एक. परत साधा फेरा. असं ५६ टाके उरेपर्यंत, म्हणजे सात वेळा. तिथून साधे फेरे बंद, दर फेऱ्याला घटवायचं, ८ टाके उरेपर्यंत. टाके गोल सुईवर ताणले जायला लागले की पाच सुयांच्या संचावर (दोन्ही टोकांनी विणता येणाऱ्या आखूड सुया) घ्या. शेवटी दोरा वीतभर ठेवून कापा, मोठ्या नेढ्याच्या सुईने आठही टाक्यांतून ओवा, आवळा, आत टाका.

या घटवण्याच्या वेगावरच टोपीचा आकार ठरतो. पहिल्यापासून दर फेऱ्याला घटवलंत तर माथा झाकणासारखा सपाट होतो आणि कडेने चुण्या पडतात. शेवटपर्यंत एक फेरा सोडून घटवत राहिलात तर वर भोवऱ्यासारखं टोक निघतं. टोक निघालंच तर त्यावर गोंडा लावा, कुणी विचारणार नाही. भाऊजींनी मात्र गोंड्याला साफ नकार दिला. ऐंशी-नव्वद ग्रॅम लोकर पुरते.

गोल मफलर

हे सगळ्यात सोपं, म्हणून थोडक्यात. स्कूटरवर जाणाऱ्यांना मी लांब मफलर करूनच देत नाही. टोकं सुटतात, चाकात जायची भीती असते. गळ्यात घालायचा बंद गोल पट्टा बरा. इथे काही लहान करायचं नाही, उलट तो डोक्यातून जायला हवा. घेर ६० सेंमी, उंची २५. माझ्या हाताने ६० गुणिले २.२ म्हणजे १३२ टाके, आणि तो चाराच्या पाढ्यात येतो. सबंध दोन सुलट दोन उलट विणा, म्हणजे काठ मुडपत नाहीत. नुसता सुलट विणलात तर खालचा-वरचा काठ गुंडाळून बसतो आणि इस्त्रीनेही सरळ होत नाही. टाके बंद करताना एक नंबर जाड सुई घ्या. हेल्मेटचा पट्टा बांधल्यावर गळ्याशी गोळा होतो अशी तक्रार आली तर उंची २० करा. रंग गडद घ्या, धूर आणि धूळ दोन्ही दिसत नाही.

मोजे

आमच्या घरात शहाबादी फरशी. डिसेंबरात सासूबाई पलंगावरून पाय खाली ठेवायला तयार नसायच्या, त्यांच्यासाठी मोजे शिकले. त्यांच्या पावलाचा चवड्याकडचा घेर २२ सेंमी, लांबी २३. मोज्याला बारीक लोकर हवी आणि विण घट्ट हवी, नाहीतर टाच महिन्यात विरते. लोकरीत पाव हिस्सा नायलॉन असलेला दोरा मिळाला तर सोडू नका. जोडीला शंभर ग्रॅम. सुई १३ नंबर, पाच सुयांचा संच. माझ्या हाताने इथे १० सेंमीत ३० टाके, ४२ ओळी.

२२ मधून दहा टक्के गेले की वीसच्या आत-बाहेर, गुणिले ३, म्हणजे ६० टाके. इथेही सैल घाला. टाचेवरून तिरका मोजलेला घेर पावलापेक्षा बराच मोठा असतो, काठ ताणला नाही तर मोजा टाचेवर अडून बसतो. चार सुयांवर पंधरा-पंधरा टाके, दोन सुलट दोन उलट, नळी, म्हणजे टाचेच्या वरचा भाग, हवी तेवढी लांब. सासूबाईंना नऊवारीखाली आखूड हवे होते, १२ सेंमी केली.

टाचेला सगळ्या घाबरतात. ती ३० टाक्यांवरच होते, उरलेले ३० तसेच थांबू दे. सपाट विणायचं. सुलट बाजूने एक टाका न विणता घ्यायचा, एक सुलट, असं टोकापर्यंत. उलट बाजूने पहिला टाका न विणता, बाकी उलट. अशा ३० ओळी झाल्या की जाडसर पट्टी होते आणि दोन्ही कडांना वेणीसारखे पंधरा-पंधरा टाके दिसतात.

आता वळण. १७ सुलट, मागून सुई घालून दोनाचा एक, एक सुलट, आणि काम उलटा. हो, ओळ अर्धवट सोडून. पहिला न विणता घ्या, ५ उलट, दोनाचा एक उलट, एक उलट, उलटा. इथे नीट बघा, जिथून वळलात तिथे टाक्यांमध्ये फट दिसेल. पुढच्या प्रत्येक ओळीत फटीच्या अलीकडच्या टाक्यापर्यंत जायचं, अलीकडचा आणि पलीकडचा मिळून एक करायचा, आणखी एक विणायचा आणि वळायचं. दर ओळीला मधला पट्टा एकेक टाक्याने रुंद होतो. दोन्ही बाजूंचे टाके संपले की सुईवर १८ उरतात आणि हातात वाटी तयार. पहिल्यांदा ती झाली तेव्हा मी गिऱ्हाइकाला थांबवून दाखवली होती.

पट्टीच्या दोन्ही कडांतून १५-१५ टाके उचला, कोपऱ्यात भोक राहू नये म्हणून एकेक जास्तीचा. १८, १६, १६ आणि थांबलेले ३०, एकूण ८०. आता परत गोल. एक फेरा सोडून दोन टाके घटवा, दोन्ही कोपऱ्यांत वरच्या ३० टाक्यांना लागून. दहा वेळा घटवलं की परत ६०. तळवा नुसता सुलट विणत जा. मोजा पावलापेक्षा सेंमीभर आखूड ठेवायचा, म्हणजे २२, आणि बोटांचा भाग साधारण ४ खातो. म्हणून टाचेच्या मागच्या टोकापासून १८ सेंमी झाले की बोटं सुरू. दोन्ही कडांना एकेक टाका सोडून दोन-दोन असे फेऱ्यात चार टाके घटवा, एक फेरा सोडून, ३२ होईपर्यंत. मग दर फेऱ्याला, १६ होईपर्यंत.

हे १६ टाके ८-८ समोरासमोर धरून सुईदोऱ्याने असे शिवायचे की मधे नवी ओळच विणल्यासारखी दिसावी. या शिवणीला इंग्रजीत लॉर्ड किचनरचं नाव आहे, तोच जो १९०२ ते १९०९ हिंदुस्थानचा सरसेनापती होता. पुढच्या सुईवरच्या पहिल्या टाक्यातून सुलटसारखी सुई घालून तो सोडा, दुसऱ्यातून उलटसारखी आणि तो राहू दे. मागच्या सुईवर पहिल्यातून उलटसारखी घालून सोडा, दुसऱ्यातून सुलटसारखी, राहू दे. सुरुवातीला दोन्ही सुयांवर एकेक "राहू दे" घालून घ्यायचा, पुढच्यातून उलट, मागच्यातून सुलट. मी अजून तोंडाने पुटपुटतच करते, "सुलट सोड, उलट ठेव, उलट सोड, सुलट ठेव." मधे कुणी फॉलचा रंग विचारला की परत पहिल्यापासून.

लोकरीचा मोजा गुळगुळीत फरशीवर सटकतो, तेव्हा म्हाताऱ्या माणसांना वरून सपाता घालायला लावा. आणि पहिला मोजा संपला की सुया खाली ठेवण्याआधी वहीत लिहा, नळीचे फेरे किती, तळव्याचे किती. सासूबाईंचा दुसरा मोजा मी अंदाजाने केला होता, तो बोटभर लांब झाला. त्या तो डाव्या पायात घालायच्या आणि विचारलं की म्हणायच्या, डावा पाय मोठाय माझा.