‘टू’ दिसला की लगेच मूळ क्रियापद लावू नका

इंग्रजीत ‘टू’नंतर क्रियापदाचं मूळ रूपच येतं, हा समज अनेकांच्या डोक्यात पक्का बसलेला असतो. ‘आय वॉन्ट टू गो’मध्ये तो खरा ठरतो. पण ईमेलच्या शेवटी ‘आय लुक फॉरवर्ड टू मीट यू’ लिहिलं की फसगत झालीच. तिथे ‘टू मीटिंग यू’ हवं, कारण हा ‘टू’ शब्दयोगी अव्यय आहे.

ओळखायचं कसं? क्रियापदाच्या जागी ‘दॅट’ ठेवून बघा. ‘आय लुक फॉरवर्ड टू दॅट’ जमतं, म्हणजे आयएनजी लावा. ‘आय वॉन्ट टू दॅट’ कानालाच खटकतं, तिथे मूळ रूप.

‘यूज्ड टू’लाही हीच कसोटी लागते. ‘आय यूज्ड टू ड्राइव्ह’ म्हणजे पूर्वी गाडी चालवायचो. ‘आय अ‍ॅम यूज्ड टू ड्रायव्हिंग’ म्हणजे गाडी चालवायची सवय आहे.

‘एन्जॉय’, ‘अव्हॉइड’, ‘फिनिश’ यांच्यापुढे सरळ आयएनजी, ही मात्र पाठच करावी लागतात. ‘स्टॉप’ दोन्हीकडून खेळतं: ‘ही स्टॉप्ड स्मोकिंग’ म्हणजे त्याने सिगारेट सोडली, ‘ही स्टॉप्ड टू स्मोक’ म्हणजे तो सिगारेट ओढायला थांबला. डॉक्टरांशी बोलताना तेवढं सांभाळा!