एमएक्स-५ लोअर करायचीय? आधी दोरा आणि ओळंबा आणा

गाडी लोअर करणं (जमिनीच्या जवळ आणणं) म्हणजे स्प्रिंगा बदलणं, झालं, असं वाटतं ना, मलाही वाटलेलं. माझ्याकडे इकडे इंग्लंडात माझदा एमएक्स-५ आहे, दुसऱ्या पिढीची, १९९८ ते २००५ मध्ये यायची ती. स्प्रिंगा एका शनिवारात बसल्या, पण नंतर गाडी सरळ धावायला लावण्यात तीन वीकेंड गेले.

किती खाली घ्यायची? २५ ते ३० मिमी, बास. या गाडीच्या सस्पेन्शनला वरखाली व्हायला जागा मुळातच कमी आहे, त्याहून खाली नेली की ती बंप स्टॉपवरच, म्हणजे सस्पेन्शन शेवटी आपटतं त्या रबरी ठोकळ्यावरच, टेकून बसते आणि वळणात खड्डा आला की मागची बाजू टुणकन उडते. फोटोत भारी दिसते, चालवताना मणके मोजून घ्या. आणि शॉकअप जुने असतील तर तेही लगेच बदला, कडक स्प्रिंग म्हाताऱ्या शॉकअपला झेपत नाही.

पाना हातात घ्यायच्या आधी चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतची उंची चारही कोपऱ्यांत मोजून लिहून ठेवा.

आता खरी डोकेदुखी, कॅम बोल्ट, म्हणजे फिरवला की आर्मला (चाक धरणाऱ्या दांड्याला) थोडं आतबाहेर सरकवणारा बोल्ट. खालच्या आर्मला प्रत्येक चाकामागे दोन, म्हणजे एकूण आठ, आणि बहुतेक सगळी अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन, यांच्यावरच. इकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात त्यामुळे हे बोल्ट बुशच्या (आर्मच्या रबरी सांध्याच्या) आतल्या नळीत गंजून एकजीव होतात. नट सुटतो म्हणून आपण खूश होतो, पण बोल्ट फिरवायला गेलं की नळीसकट रबर पिळतं. आठवडाभर आधीपासून रोज संध्याकाळी गंज सोडवायचं तेल मारत राहा. माझा एक शेवटपर्यंत हलला नाही, तो करवतीने कापूनच काढला आणि बुश नवीन टाकला.

स्प्रिंग बदलताना गाडी स्टँडवरच, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरायचं नाही. शॉकअपचा वरचा मधला नट स्प्रिंग कॉम्प्रेसरने नीट दाबल्याशिवाय अजिबात सोडू नका, दाबलेली स्प्रिंग सुटली तर तोंड फोडते.

पुढची चूक मी स्वतः केलीय. चाकं हवेत लटकत असतानाच सगळे आर्मचे बोल्ट कचकचून आवळले. या बुशचं रबर नळीला चिकटलेलं असतं, त्यामुळे ज्या स्थितीत आवळाल तीच त्याची आरामाची स्थिती, मग गाडी खाली टेकली की ते कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. माझे पुढचे दोन सहा महिन्यांत गेले. म्हणून बोल्ट हलकेच लावा, गाडी चाकांवर उभी करा, पुढेमागे ढकलून बसू द्या आणि मगच आवळा, तेही टॉर्क रेंचने, मॅन्युअलमध्ये दिलंय तेवढंच.

मग दोनतीनशे किलोमीटर जपून चालवा, स्प्रिंगा बसतात. त्यानंतर अलाइनमेंट.

जमीन सपाट आहे का ते गवंडी वापरतात त्या पाण्याच्या नळीने बघा. चाकांखाली दोन-दोन गुळगुळीत फरशा, मध्ये ग्रीस, म्हणजे चाक मोकळं सरकतं. ड्रायव्हरच्या सीटवर तुमच्या वजनाएवढी तांदळाची पोती ठेवा, मित्राला बसवलं तर तो फोन आला की उतरतो.

कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल (वरची कड आत झुकली की उणे), ओळंब्याने मोजता येतो. रिमच्या दोन कडांमध्ये उभं अंतर ४०० मिमी धरलं तर वरची कड ७ मिमी आत म्हणजे उणे १ अंश. टो, म्हणजे वरून बघितलं तर चाकाचं पुढचं टोक आत वळलंय की बाहेर, तो दोऱ्याने. गाडीच्या दोन्ही बाजूंना स्टँडवर दोरा ताणा, पण या गाडीचा मागचा ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर) पुढच्यापेक्षा साधारण २५ मिमी रुंद आहे, म्हणून दोरा पुढच्या हबपासून (चाकाच्या मध्यापासून) मागच्यापेक्षा १२ मिमी जास्त लांब हवा, हे विसरलात तर सगळी मापं खोटी. मग स्टीअरिंग सरळ बांधून दोऱ्यापासून रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेचं अंतर मोजा, पुढचं जास्त भरलं तर टो-इन, म्हणजे चाक पुढे आत वळलेलं. १५ इंची रिमला १ मिमी फरक म्हणजे साधारण ०.१५ अंश.

सुरुवात मागून करा कारण गाडीला दिशा मागची चाकं देतात. मला एका गॅरेजवाल्याने फक्त पुढची चाकं लावून दिली, पैसे पूर्ण घेतले, आणि गाडी महिनाभर खेकड्यासारखी चालली. मागे कॅम्बर आणि टो झाला की पुढचा कॅम्बर, आणि टाय रॉडवरून (स्टीअरिंग चाकाला जोडणारा दांडा) पुढचा टो सगळ्यात शेवटी, कारण कॅम्बर हलवला की टो हलतोच. मी पुढे उणे १ अंश आणि टो शून्य, मागे उणे १.५ आणि प्रत्येक चाकाला १ मिमी टो-इन ठेवतो. एवढ्या कॅम्बरने टायर संपत नाही, टो चुकला तर आतली कड बघता बघता खाऊन टाकतो. कास्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढेमागे कल) घरी मोजायच्या फंदात पडू नका, त्यासाठी चारही चाकांची अलाइनमेंट मोजणाऱ्या मशीनवर न्या आणि प्रिंटआउट मागून घ्या.

शेवटी कॅम बोल्टवर पांढऱ्या पेंटने रेघ मारून ठेवा, सरकला तर लगेच कळतं. हेडलाइट परत सेट करा, एमओटीला (इकडची गाड्यांची वार्षिक तपासणी) बघतात. इन्शुरन्सवाल्यांना फोन करून लोअर केल्याचं सांगा. आणि घरासमोरच्या उतारावरून पहिल्यांदा बाहेर काढताना तिरकी काढा, माझ्या पुढच्या बंपरची खालची कड तिथेच गेली.